राडारोड्याचा वाफसा

पाडलेल्या इमारतीच्या ढिगातून काँक्रीटचा मुठीएवढा तुकडा उचला आणि निरखून पाहा. तुटलेल्या कडेला काळ्या दगडाची खडी दिसते आणि तिच्याभोवती वाळू-सिमेंटचा राखाडी लेप. हा लेप खडीला असा धरून बसलेला असतो की हातोड्याने फोडले तरी पुरता सुटत नाही. आता त्या तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाका. काळ्या दगडावर पडलेले थेंब ओघळून जातात. राखाडी भागावर पडलेले पाहता पाहता जिरतात. जुन्या काँक्रीटची खडी करून ती रस्त्याच्या पायात घालायची आणि रोलरखाली नीट दाबायची, या कामात जे काही वेगळे आणि अवघड आहे, ते बहुतेक सगळे त्या जिरणाऱ्या थेंबापासून सुरू होते.

पुण्यात ज्याला राडारोडा म्हणतात आणि मुंबईत डेब्रिज, तो माल आज जातो कुठे, हे शहरात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. ओढ्याच्या काठाला, नदीपात्राच्या कडेला, खाडीजवळच्या तिवरांत, शहराबाहेरच्या एखाद्या उताराला. रात्री डंपर येतो, मागचा हौदा उचलला जातो आणि सकाळी तिथे एक टेकाड उभे असते. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला एखादी खरी टेकडी खडी क्रशरच्या जबड्यात जात असते. एकीकडे दगड फेकायला जागा नाही आणि दुसरीकडे दगड आणायला डोंगर पुरत नाही. या दोन गोष्टी एकमेकांना जोडता येतात आणि त्यासाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे रस्त्याचा पाया.

पायाच का, ते सांगतो. नव्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये ही खडी वापरायला मर्यादा आहे. खडी-वाळूचे आपले भारतीय मानक, आयएस ३८३, २०१६ साली सुधारले गेले तेव्हा त्यात जुन्या काँक्रीटच्या खडीला पहिल्यांदा अधिकृत जागा मिळाली. पण साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तेही एम-२५ प्रतीपर्यंतच. ही सावधगिरी रास्त आहे. रस्त्याच्या पायात मात्र खडीला सिमेंटशी संसार करायचा नसतो. तिथे दगडाने दगडाला अडकवायचे, वरून येणारा भार पसरवून खालच्या मातीपर्यंत हलका करत न्यायचा आणि पाणी साचू द्यायचे नाही, एवढेच काम. आणि तिथे दगड लागतो तोही भरपूर. सात मीटर रुंदीच्या रस्त्याचा एक किलोमीटर घ्या. पायाचा दाबून झालेला दीडशे मिलीमीटरचा एक थर म्हणजे १,०५० घनमीटर, आपल्या भाषेत सुमारे ३७० ब्रास. असे थर एकाखाली एक दोन-तीन असतात. एका मध्यम इमारतीचे सगळे काँक्रीट गल्लीच्या पलीकडच्या रस्त्यात सहज गडप होईल.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत डेन्व्हर शहराचा स्टेपल्टन विमानतळ १९९५ साली बंद झाला. तिथल्या धावपट्ट्या आणि विमाने उभी करायच्या जागा उखडून, जागेवरच क्रशर लावून फोडल्या गेल्या. सुमारे ६५ लाख टन माल निघाला आणि तो त्याच परिसरातल्या रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या पायांत गेला. आपल्याकडे दिल्लीतल्या बुराडीला २००९ पासून राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. मुंबई महापालिकेचे दोन प्रकल्प दहिसरच्या कोकणीपाड्याला आणि शिळफाट्याला आहेत, प्रत्येकाची क्षमता दिवसाला ६०० टनांची. इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यात राडारोडा कसा वापरावा यासाठी २०१७ मध्ये आयआरसी:१२१ ही स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. म्हणजे माल आहे, यंत्रे आहेत, नियमही आहेत. तरी कामावर गेले की एक वाक्य ऐकू येते: "हा माल दबत नाही."

माझे म्हणणे असे की माल दबतो. आपण त्याला काळ्या दगडाच्या मापाने मोजतो आणि काळ्या दगडाएवढेच पाणी पाजतो, म्हणून तो दबत नाही असे दिसते.

आधी दाबणे म्हणजे काय ते पाहू. खडी, कच आणि बारीक भुकटी यांचे मिश्रण सैल पसरले की त्यात बरीच जागा हवेची असते. रोलर फिरवून ती हवा बाहेर काढायची आणि प्रत्येक मोठ्या खड्याच्या बगलेत लहान खडा, लहान खड्याच्या बगलेत कच, कचेच्या फटीत भुकटी असे भरून बसवायचे. मिश्रण अगदी कोरडे असेल तर खडे एकमेकांवर घासतात आणि अडून बसतात. थोडे पाणी मिळाले की ते सरकतात, वळतात, जागा शोधतात. पाणी फार झाले तर हवेऐवजी पाणीच जागा अडवते. आणि पाणी काही दाबले जात नाही. म्हणून मध्ये कुठेतरी एक नेमका ओलावा असतो, ज्याला माल सर्वांत घट्ट बसतो.

आपल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. पूर्वी खळे करताना जमीन उकरायची, गोटे वेचायचे, पाणी मारायचे, आणि मग लगेच नाही, माती जरा आंबून योग्य ओलीला आली की तिच्यावर बैल फिरवायचे आणि ती चोपून घ्यायची. पाणी मारल्या मारल्या चोपले तर चिखल, फार उशीर केला तर भुगा. या योग्य ओलीसाठी मराठीत एक सुंदर शब्द आहे: वाफसा. पेरणीच्या वाफशात शेतकऱ्याला मातीत हवाही हवी असते आणि रस्ता करणाऱ्याला तीच हवा काढून टाकायची असते, एवढा फरक. पण ओलाव्याची वेळ ओळखण्याची नजर दोघांची एकच. इंग्रजी पुस्तकातून आलेल्या 'इष्टतम आर्द्रता' या शब्दजोडीपेक्षा मला वाफसा जवळचा वाटतो.

या नजरेला आकड्यात बांधले राल्फ प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्याने. तो लॉस एंजेलिस शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होता. त्या शहराचे सेंट फ्रान्सिस हे काँक्रीटचे धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री फुटले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. पानशेतच्या धरणफुटीची आठवण जपणाऱ्या पुण्याला धरण फुटणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागणार नाही. त्या जलाशयाची जागा घेण्यासाठी बुके कॅन्यनमध्ये मातीचे धरण बांधायचे ठरले, आणि मातीचे धरण म्हणजे दाबलेली माती. ती पुरेशी दाबली गेली हे कशावरून ओळखायचे? प्रॉक्टरने ठरावीक आकाराच्या भांड्यात माती थराथराने भरून, ठरावीक वजनाचा ठोकळा ठरावीक उंचीवरून ठरावीक वेळा टाकून दाबली. दर वेळी पाणी थोडे वाढवले आणि कोरड्या मातीची घनता मोजली. घनता आधी चढत गेली, मग उतरली. त्या चढउताराचा माथा म्हणजे त्या मातीची कमाल घनता आणि त्याखालचे पाणी म्हणजे तिचा वाफसा. १९३३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले आणि आजही जगभरचे रस्ते या कसोटीवर उभे आहेत. जड रोलर आल्यावर ठोकळाही जड झाला. आपल्या आयएस २७२० या मानकाच्या आठव्या भागात तो ४.९ किलोचा आहे, ४५० मिलीमीटरवरून पडतो आणि माल पाच थरांत दाबला जातो.

इथे जुन्या काँक्रीटची पहिली अडचण येते. दख्खनचा काळा पाषाण वजनाला भारी. पाण्याच्या सुमारे २.८ ते २.९ पट. काँक्रीटमधून निघालेल्या खडीला सच्छिद्र लेप चिकटलेला असल्याने ती हलकी, साधारण २.३ ते २.५ पट. त्यामुळे काळ्या खडीचे चांगले मिश्रण दाबल्यावर घनमीटरला २.३ टनांच्या आसपास भरते, तर काँक्रीटच्या खडीचे दोन टनांच्या आसपासच. आता समजा कामावरच्या वहीत काळ्या खडीचा जुना आकडा लिहिलेला आहे आणि नियमाप्रमाणे त्याच्या ९८ टक्के घनता हवी आहे. काँक्रीटचा माल त्याच्या परीने पुरता दाबला गेला, दोन टनांना पोहोचला, तरी वहीत त्याची नोंद ८७ टक्के अशी होणार. साहेब म्हणणार, अजून रोलर फिरवा. रोलर फिरणार. घनता वाढत नाही, कारण वाढायला जागाच उरलेली नाही. मग खड्यांच्या कडा मोडू लागतात, पांढरी भुकटी वर येते आणि चांगला झालेला थर डोळ्यांदेखत बिघडतो.

याच्या उलटही होते आणि ते अधिक धोक्याचे, कारण ते दिसत नाही. एखाद्या ढिगात विटा जास्त असतील तर त्याची कमाल घनता १.८ टनच भरेल. तोच आकडा धरून दुसऱ्या दिवशी आलेल्या शुद्ध काँक्रीटच्या मालाला मोजले, तर १.८ टनांवर तो शंभर टक्के पास होईल. प्रत्यक्षात तो स्वतःच्या कमाल घनतेच्या ९० टक्क्यांवरच असेल, म्हणजे अर्धवट दबलेला. पहिल्या पावसाळ्यात ट्रकच्या चाकांखाली तो उरलेला दबतो, आणि आपण डांबराला शिव्या देतो. म्हणून प्रत्येक स्रोताच्या मालाची प्रॉक्टर कसोटी वेगळी. ढीग बदलला की कसोटी पुन्हा. यात सवलत नाही. प्रयोगशाळेतही एक काळजी घ्यावी लागते: एकच नमुना पाणी वाढवत पुन्हा पुन्हा ठोकू नये, कारण ठोकळ्याखाली हे खडे मोडतात आणि शेवटचा बिंदू भलत्याच मालाचा निघतो. मोडणाऱ्या मालासाठी प्रत्येक बिंदूला ताजा नमुना घ्यावा, असे मानकातच सांगितले आहे. घाईत ते पाळले जात नाही.

आता पाणी. काळी खडी तिच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी पिते. काँक्रीटची खडी चार, पाच, कधी सात-आठ टक्केही. काळ्या खडीच्या मिश्रणाचा वाफसा साधारण सहा टक्क्यांवर येत असेल तर या मालाचा दहाच्या आसपास. वरच्याच एक किलोमीटरच्या थराचा हिशेब करू. काळी खडी सुमारे २,४१५ टन, तिला सहा टक्क्यांनी १४५ टन पाणी. काँक्रीटची खडी २,१०० टन, तिला दहा टक्क्यांनी २१० टन पाणी. म्हणजे पासष्ट हजार लिटरचा फरक, दहा हजार लिटरचे सहा-सात टँकर. हे टँकर अंदाजपत्रकात धरलेले नसतील तर ठेकेदार ते आणणार कुठून? मे महिन्यात, पिण्याच्या पाण्याची ओरड असताना हे पाणी नळाचे किंवा विहिरीचे असूही नये. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी या कामाला उत्तम चालते.

पण पाणी किती, यापेक्षाही ते कधी, हा प्रश्न मोठा आहे. कोरडा माल रस्त्यावर पसरला आणि रोलरच्या पुढे टँकर फिरवला तर काय होते? वरचा भाग ओला दिसतो. राखाडी लेप आपल्या छिद्रांत पाणी ओढत राहतो आणि ते काही क्षणांचे काम नसते, तासन् तास चालते. खड्यांच्या मधल्या फटींत सरकायला मदत करणारे जे पाणी हवे, ते खड्यांच्या पोटात जाते. सकाळी ओला वाटलेला थर दुपारी रोलरखाली कोरडा पडलेला असतो. उपाय साधा आहे: ढीग आदल्या दिवशीच भिजवून ठेवायचा, वर ताडपत्री टाकायची, खड्यांचे पोट भरू द्यायचे. दुसऱ्या दिवशी मिश्रण यंत्रात उरलेले थोडे पाणी द्यायचे आणि माल पसरल्यावर फक्त उन्हा-वाऱ्याने उडेल तेवढे शिंपडायचे. हरभरा रात्री भिजत घालावा तसेच हे आहे. सकाळी पाण्यात टाकून लगेच शिजवायला ठेवला तर तो दाणा आतून कच्चाच राहणार.

ढिगाबद्दल आणखी एक. माल उंचावरून शंकूसारखा ओतला की मोठे खडे घरंगळत खाली जमतात आणि बारीक माल मध्ये राहतो. लोडरने कडेचा माल उचलला तर नुसते खडे, मधला उचलला तर नुसती भुकटी. नुसत्या खड्यांच्या पट्ट्याला कितीही दाबा, तिथे फटी राहणारच. आणि नुसत्या भुकटीच्या पट्ट्याला पाऊस लागला की तो चिखल. म्हणून ढीग बुटके आणि पसरट ठेवावेत, डंपरमधून रस्त्यावर ढिगाऱ्या ओतून ग्रेडरने ओढत बसण्यापेक्षा पेव्हरने माल एकसारखा अंथरावा. शक्य नसेल तिथे माणसाने फावडे घेऊन उघडे पडलेले खड्यांचे पट्टे शोधावेत आणि ते काढून चांगला माल भरावा. हे हलके काम नाही, पण रोलर चालवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

रोलरचे नियम काळ्या खडीचेच. कडेकडून मध्याकडे यायचे, प्रत्येक फेरीत आधीच्या पट्ट्याचा एक तृतीयांश भाग पुन्हा चेपायचा, वेग ताशी पाच किलोमीटरच्या आत. थर कंप देणाऱ्या रोलरखालीही दाबून झाल्यावर दोनशे मिलीमीटरपेक्षा जाड नको. आणि साइडपट्टी आधी किंवा बरोबरच भरायची, नाहीतर रोलर कडेला गेला की माल बाजूला पसरतो आणि कड कायमची ढिली राहते. वेगळे आहे ते कंपाचे प्रमाण. कंप देणाऱ्या रोलरचा ड्रम सेकंदाला तीसेक वेळा हादरे देतो. काळा पाषाण ते सहन करतो. काँक्रीटच्या खड्याचा लेप मात्र मोठ्या हादऱ्यांनी सुटतो. लॉस एंजेलिसचेच नाव असलेली आणखी एक कसोटी आहे: खडी लोखंडी गोळ्यांबरोबर ड्रममध्ये फिरवायची आणि किती झिजली ते मोजायचे. आपल्या रस्त्यांच्या ओल्या मिश्रणाच्या थराला ही झीज ४० टक्क्यांच्या आत हवी. काळा दगड निम्म्याहून कमी झिजतो. चांगल्या काँक्रीटची खडी बहुधा तीस ते चाळीसच्या दरम्यान, म्हणजे पास होते, पण काठावर. म्हणून पहिली फेरी कंपाविना, मग लहान हादऱ्यांच्या मोजक्या फेऱ्या आणि शेवटची पुन्हा कंपाविना, गुळगुळीत.

मोजक्या म्हणजे किती, हे पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी कामाच्या सुरुवातीला पन्नास-शंभर मीटरचा चाचणीचा तुकडा करायचा. दोन फेऱ्यांनंतर घनता मोजायची, चार फेऱ्यांनंतर, सहा फेऱ्यांनंतर. वाढ थांबली की तो आकडा धरायचा आणि त्या ठिकाणचा माल उकरून चाळण्यांतून काढायचा. अंथरताना होता त्याहून तो किती बारीक झाला ते कळते. जुना रोलरचालक हे यंत्राविना ओळखतो. थर पुरता बसला की ड्रम उसळू लागतो, आवाज बदलतो, चालकाच्या बुडाला धक्का जाणवतो. तिथे कंप बंद. त्यापुढची प्रत्येक फेरी नुकसानीची. उलट ड्रमच्या पुढे मालाची लाट उठत असेल, तर दोष मालात नसून खाली आहे: ओली काळी माती उशीसारखी दबते आणि पुन्हा वर येते. अशा जमिनीवर वर काय घातले आणि किती दाबले याला अर्थ नाही. आधी तिचे पाणी काढा, मुरूम भरा.

घनता मोजायची आपल्याकडची नेहमीची पद्धत म्हणजे थरात खड्डा खणायचा, निघालेला माल तोलायचा, त्यातले पाणी काढायचे आणि खड्डा माहीत असलेल्या घनतेच्या वाळूने भरून त्याचे आकारमान काढायचे. वेळ खाते, पण खरे बोलते. मोठ्या कामांवर आता किरणोत्सारी उपकरणे येतात. एका मिनिटात घनता आणि ओलावा दोन्ही दाखवतात. या मालाच्या बाबतीत त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ते उपकरण ओलावा मोजते म्हणजे हायड्रोजन मोजते. काँक्रीटमध्ये सिमेंटने गोठताना कायमचे बांधून घेतलेले पाणी असते. ते सरकायला मदत करत नाही आणि उन्हात उडतही नाही, पण त्यातला हायड्रोजन उपकरणाला दिसतो. मग ओलावा खऱ्यापेक्षा जास्त आणि कोरडी घनता खऱ्यापेक्षा कमी दाखवली जाते. पुन्हा तेच: दबलेला माल दबला नाही असे ठरते. वाळूच्या पद्धतीशी ताडून त्या मालापुरती दुरुस्ती काढावी, मग खुशाल वापरावे.

इतक्या सांभाळून घेण्याच्या बदल्यात हा माल एक गोष्ट देतो, जी काळी खडी देत नाही. काँक्रीट फोडले की सिमेंटचे आजवर पाण्याला न भिडलेले काही कण उघडे पडतात. ओलावा मिळाला की ते पुन्हा गोठू लागतात. नीट दाबलेला थर पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत हळूहळू कडक होत जातो. मात्र त्यावर हिशेब बसवू नये. किती कडक होईल हे काँक्रीट किती जुने आणि कसे होते यावर अवलंबून असते. हा कडकपणा मिळाला तर वरकमाई समजावा. एक पथ्य मात्र पाळावे: दाबून झालेला थर चार दिवसांनी नळाच्या चरासाठी उकरू नये. चर काय खणायचे ते आधी.

त्याच सिमेंटचा दुसरा स्वभाव त्रासाचा आहे. गच्ची गळते तेव्हा छताला पांढरे ओघळ येतात ते आपण पाहतो. काँक्रीटमधला चुना पाण्यात उतरतो आणि हवेशी संयोग होऊन चुनखडी होऊन बसतो. रस्त्याच्या पायातूनही असेच चुन्याचे पाणी झिरपते. बाजूला निचऱ्याची नळी असेल, तिच्यावर गाळणीचे कापड असेल तर त्या कापडाची छिद्रे ही चुनखडी बुजवते. आणि निचरा बुजला की कितीही चांगला दाबलेला पाया पाण्यात उभा राहतो. शिवाय हे पाणी अल्कधर्मी असते, जस्ताचा मुलामा दिलेल्या आणि ॲल्युमिनियमच्या नळ्या खाते. म्हणून अगदी बारीक भुकटी शक्य तेवढी धुऊन काढावी, निचऱ्याच्या नळीभोवती काळी खडीच वापरावी आणि विहिरीच्या, ओढ्याच्या अगदी काठाला हा माल घालू नये.

आणि जिप्सम. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात होलोमन नावाचा हवाई दलाचा तळ आहे. शेजारीच पांढऱ्याशुभ्र जिप्समच्या वाळूचे प्रसिद्ध वाळवंट. तिथे विमानतळाच्या जुन्या फरसबंदीचे काँक्रीट फोडून इमारतींखाली भराव म्हणून घातले गेले. ते काँक्रीट अखंड होते तोवर तिथल्या सल्फेटयुक्त मातीत नीट टिकले होते. फोडल्यावर त्याचा अंतर्भाग उघडा पडला, पाणी मिळाले, सल्फेटने सिमेंटशी संयोग केला आणि फुगणारे स्फटिक तयार झाले. भराव फुगला आणि त्याने वरच्या इमारती उचलल्या. अभियंत्यांनी शोधून काढलेले हे कारण २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे शेजारी जिप्समचे वाळवंट नाही, पण आपल्या घरांच्या छतांत ते भरपूर आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत म्हणजे जिप्समच. इमारत पाडताना ते काँक्रीटबरोबर एकाच ढिगात आले, क्रशरमध्ये गेले आणि पायात दाबले गेले, तर तोच विस्तव आपण आपल्या हाताने रस्त्याखाली पुरतो.

विटांबद्दल मी इतका कडक नाही. बांगलादेशात दगड फारसा नाही म्हणून भाजलेल्या विटांची खडी करून रस्त्यांच्या पायात घालतात आणि त्यांवर वाहतूक चालते. वीट मऊ आहे, जास्त पाणी पिते. खालच्या थरात, कमी रहदारीच्या रस्त्याला, पदपथाखाली तिची जागा आहे. फक्त ती काँक्रीटमध्ये नकळत मिसळलेली नको, कारण मग कोणत्याच मापाने मोजता येत नाही. लाकूड, प्लास्टिक, माती आणि कापड यांना मात्र कुठेच जागा नाही. दाबताना ते लपतात आणि नंतर कुजून पोकळी सोडतात. लोखंडाची चिंता करावी लागत नाही. ते भंगारवाला एक खिळाही न सोडता नेतो, कारण त्याला किंमत आहे. काँक्रीटलाही किंमत आली की तेही असेच वेचले जाईल.

ती किंमत आणण्याची तरतूद २०१६ च्या राडारोडा व्यवस्थापन नियमांत केली गेली होती. दिवसाला २० टनांपेक्षा किंवा महिन्याला एका प्रकल्पात ३०० टनांपेक्षा जास्त राडारोडा काढणाऱ्याने तो काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड, वीट असा वेगळा करायचा, आणि पालिका व सरकारी कामांत या मालाचा दहा ते वीस टक्के वापर सक्तीचा करायचा, असे त्यांत म्हटले होते. रस्त्याच्या निविदेत 'पुनर्वापराची खडी चालेल' एवढी ओळ घालून हे साधणार नाही. या मालाची स्वतंत्र प्रॉक्टर कसोटी, आदल्या दिवशीचे भिजवणे, पाण्याचे जास्तीचे टँकर आणि चाचणीचा तुकडा या चार बाबी दरपत्रकात पैशांसह लिहिल्या पाहिजेत. ज्याचे पैसे धरलेले नाहीत ते काम रस्त्यावर होत नाही.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना मात्र माझी वेगळी विनंती आहे, कारण क्रशर आणि रोलर यांच्याही आधी हा माल त्यांच्या हातात असतो. बिल्डरबरोबरच्या करारात पाडकामाचे एक कलम घाला: प्लास्टर ऑफ पॅरिसची छते, लाकूडकाम, फरशी आणि विटांच्या भिंती आधी उतरवून वेगळ्या काढाव्यात, खांब-तुळया-स्लॅब शेवटी फोडावेत, आणि ते काँक्रीट प्रक्रिया केंद्राला दिल्याची पावती सोसायटीला द्यावी.